चांदमारीचा कागद

नदी एक आणि काठ दोन. अलीकडच्या काठावर कागद करणाऱ्यांचं एक गाव होतं. पलीकडच्या काठावर संस्थानची चांदमारी होती, म्हणजे बंदुकीनं नेम धरून गोळ्या झाडायचं मैदान. अलीकडे दिवसभर लगदा कुटल्याचा आवाज, पलीकडे दिवसभर बारांचा. गावातल्या कोंबड्यांनाही याची इतकी सवय झाली होती, की बार उडाला तरी त्या दाणे टिपायचं थांबत नसत.

या गावात बाबालाल नावाचा कागदी राहायचा. कागद ओळखण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पान नुसतं झटकलं की आवाजावरून तो सांगायचा, यात चिंध्या किती, ताग किती आणि खळ किती. माणूस सरळ होता, कष्टाळू होता. एकच वाईट होतं. वाईट कागद दिसला की त्याचं डोकं फिरायचं. तो बोलायचा नाही, समजवायचा नाही. सरळ टराटरा फाडायचा.

त्याला दस्तगीर नावाचा धाकटा भाऊ होता. होता म्हणजे अजूनही होता, पण घरात नव्हता. ते कसं झालं, ते आधी सांगायला हवं.

आईबाप लवकर गेले तेव्हा दस्तगीर सहा वर्षांचा होता. बाबालालची बायको हलिमा नुकतीच लग्न होऊन आली होती. तिनंच त्याला न्हाऊमाखू घातलं, तिनंच वाढवलं. तो हाताशी आल्यावर दोघे भाऊ कागदाच्या हौदाच्या दोन बाजूंना बसू लागले. हौदात पाण्यात कालवलेला लगदा असतो. त्यात साचा बुडवायचा आणि दोन्ही हातांनी सारखा वर उचलायचा. पाणी गळून जातं आणि साच्यावर ओलं पान राहतं. ऐकायला सोपं वाटतं. पण एक हात दुसऱ्याच्या आधी वर आला, तर पान एका कडेला पातळ होतं.

एकदा बाबालाल तापानं अंथरुणाला खिळला. वीस दिवस दस्तगीरनं एकट्यानं हौद चालवला. हजारभर पानं केली, भिंतीवर वाळवली, गठ्ठा बांधला. भाऊ उठून बसला त्या दिवशी त्यानं तो गठ्ठा अंगणात आणून ठेवला. आळीतले चारजण कौतुकानं बघायला आले होते. दस्तगीर सतरा वर्षांचा होता, आणि त्याच्या तोंडावर काय होतं ते वेगळं सांगायला नको.

बाबालालनं वरचं पान उचलून उजेडात धरलं. डावी कड पातळ होती. दुसरं पान घेतलं, तीच गत. मधलं काढलं, खालचं काढलं, तीच गत. त्यानं चारजणांसमोर पान फाडलं आणि सगळा गठ्ठा पुन्हा हौदात लोटून दिला. एक शब्द बोलला नाही.

दस्तगीर फुगत चाललेल्या कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "भाई, तुझ्या हातून माझं कधी पास व्हायचं नाही."

दुसऱ्या दिवशी तो गेला. घाटाखाली गेला, तिथे कुणा जहागीरदाराच्या शिकारखान्यात लागला, बंदूक शिकला, एवढं लोकांकडून कळलं. त्याला आता दहा वर्षं झाली होती.

दहा वर्षांत हलिमानं त्याची चटई कोपऱ्यातून हलवली नाही. बाबालालनं हौदापाशी एक गडी ठेवला, पण साचा पुढे करताना तोंडातून हटकून निघायचं, "दस्तू, धर." गडी बिचारा पहिले काही महिने म्हणायचा, "मी मारुती." पुढे त्यानं सांगायचं सोडलं आणि तो दस्तू म्हटल्यावर ओ देऊ लागला. बाबालालला आपल्या भावाची आठवण यायची, आणि ती कामाच्या मध्येच यायची. साचा वर आला, पाणी गळू लागलं, की त्याचे डोळे समोरच्या रिकाम्या जागेकडे जायचे. तिथे मारुती बसलेला असायचा, तरी ती जागा त्याला रिकामी दिसायची.

चांदमारीवर दर वर्षी दसऱ्यानंतर स्पर्धा व्हायची. गावोगावचे नेमबाज यायचे. त्या वर्षी चुरस जास्त होती, कारण चांदमारीचे जुने उस्ताद थकले होते. जो जिंकेल त्यालाच संस्थान उस्ताद नेमणार होतं. उस्तादाला राहायला काठावरचं कौलारू घर मिळायचं. बाबालालच्या अंगणातून ते घर सरळ दिसायचं. हाक मारली तर ऐकू जाईल इतकं जवळ.

स्पर्धेचा कागद बाबालाल निवडायचा. याची एक जुनी रीत होती. नेमबाज आले की निकाल लागेपर्यंत कागद निवडणाऱ्यानं नदी ओलांडायची नाही, आणि नेमबाजानंही अलीकडे पाय ठेवायचा नाही. कागद आणि बंदूक यांची ओळख होऊ नये, म्हणून ही काळजी. सरावात भोकं पडलेली पानं मात्र रोज नावेतून गावात परत यायची. त्यांचा पुन्हा लगदा व्हायचा. कागदी लोक काही वाया जाऊ देत नाहीत.

सरावाच्या तिसऱ्या दिवशी भिवा नावाडी पानांचा भारा टाकून गेला. बाबालाल पानं हौदात टाकता टाकता थांबला. पाच-सहा पानं एकाच हातची होती. सगळ्या गोळ्या मधल्या काळ्या चांदाच्या डाव्या कडेला, रेषेला खेटून, पण रेषेच्या बाहेर. नेम पक्का होता. फक्त सगळा नेम डावीकडे सरकलेला होता.

बाबालालनं ती पानं पुन्हा एकेक करून उजेडात धरली. बंदूक उजव्या खांद्याला लावली तरी तिचा पुढचा भार डाव्या हातावर असतो. तो हात घाई करतो, गोळी सुटायच्या आधीच ढळतो, तेव्हा असं होतं. असा घाई करणारा डावा हात त्यानं जन्मात एकच पाहिला होता. तो साचा उचलताना पाहिला होता.

दुसऱ्या दिवशी भिवा आला तेव्हा त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं, "कुणी नवं आलंय का रे पलीकडं?"

"हाय की एक. घाटाखालचा. दस्तगीर म्हणत्यात त्याला," भिवा म्हणाला. "संध्याकाळी काठावर येऊन बसतो आन् तुमच्या गावाकडं बघतो. बोलत न्हाई कुणाशी."

बाबालालनं हे हलिमाला सांगितलं. ती पीठ मळत होती. पिठाचे हात तसेच घेऊन ती अंगणाच्या कडेला गेली आणि पलीकडे बघत उभी राहिली. नदी काही फार रुंद नव्हती. माणसं दिसायची, तोंडं दिसायची नाहीत. ती म्हणाली, "एवढ्या जवळ आलाय." आणि मग पदरानं डोळे पुसले, त्यामुळे पीठ गालाला लागलं.

सहाव्या दिवशी कागद निवडायचा होता. बाबालालनं तीन गठ्ठे समोर मांडले.

पहिला लिहायचा कागद होता, गुळगुळीत दगडानं घोटून चकचकीत केलेला. तो बाजूला ठेवावा लागला. उन्हात तो चमकतो आणि नेमबाजाचे डोळे दिपतात. उरलेले दोन गठ्ठे न घोटलेले होते आणि दिसायला जुळे होते. तोच मळकट पांढरा रंग, तीच जाडी. पण एक तागाचा होता, त्यात खळ जास्त होती. दुसरा जुन्या सुती चिंध्यांचा, महिनाभर कुटलेल्या लगद्याचा, त्यात खळ जेमतेम होती.

बाबालालकडे गोळीच्या जाडीची एक लोखंडी कांब होती. कागद चौकटीत ताणून बसवायचा, कांब टेकवायची आणि हातोडीचा एकच ठोका द्यायचा. त्यानं चिंध्यांच्या कागदावर ठोका दिला. भोक गोल पडलं, कड स्वच्छ. तागाच्या कागदावर ठोका दिला. भोक चारी बाजूंनी उकललं आणि एक चीर बोटभर लांब गेली.

आता चांदमारीचा नियम असा, की भोकाची कड रेषेला लागली तर नेमबाजाला आतला, म्हणजे वरचा गुण. कड स्वच्छ असली तर वाद उरत नाही. पण भोक फाटकं असलं, तर परीक्षक तरी काय करणार? ते नेमबाजाच्या पदरात माप टाकतात. ज्याची गोळी थेट चांदात बसते त्याला फाटक्या कागदाचा फायदा नाही. ज्याची फार लांब पडते त्यालाही नाही. फायदा फक्त त्याला, ज्याच्या गोळ्या रेषेला खेटून बाहेर पडतात.

बाबालाल दोन पानं दोन हातांत धरून बराच वेळ बसला. मग त्यानं तागाच्या गठ्ठ्यावर शिक्का मारला.

हलिमा दारातून बघत होती. कागदी घरात नांदलेली बाई, तिला काय सांगायला हवं होतं? ती म्हणाली, "हा कुणासाठी निवडलात?"

"चांदमारीसाठी."

"चांदमारीसाठी, का दस्तूसाठी?"

बाबालाल गठ्ठ्याला दोरी बांधू लागला. तिला वाटलं असतं तर ती रागावू शकली असती. ती रागावली नाही. म्हणाली, "असू दे. येऊ दे त्याला घरी. दहा वर्षं कमी झाली का?"

गठ्ठा नावेतून पलीकडे गेला. त्या दुपारी हलिमानं अंगण सारवलं. कोपऱ्यातली चटई काढून उन्हात टाकली, झटकली, पुन्हा टाकली. मलिद्यासाठी गूळ किसून ठेवला. किती वर्षांनी ती काम करताना गुणगुणत होती. बाबालालला जेवण गेलं नाही. बायको गात होती आणि त्याला ऐकवत नव्हतं. तो उठून हौदापाशी जाऊन बसला.

तिथे सरावाची पानं पडली होती. त्यानं भावाची पानं पुन्हा उचलली. भोकं डावीकडे. सगळी डावीकडे. त्याच्या मनात आलं, या तागाच्या कागदावर हा जिंकेल. लोक म्हणतील, बसली, बसली! कौलारू घरात राहील, रोज दिसेल. आणि जन्मभर डावीकडेच मारत राहील, आणि ते त्याला कधी कळणार नाही. मला दहा वर्षांपूर्वी कळलं होतं, मी सांगितलं नाही. आता कागदालाही गप्प बसवतोय. शिवाय दुसरेही नेमबाज होते. त्यांच्याही घरी कुणीतरी वाट बघत असेलच की.

सकाळी भिवाची नाव आली तेव्हा बाबालाल काठावर उभा होता. म्हणाला, "तात्यांना म्हणावं, मला रीत मोडून तिकडं येता येत नाही. तुम्हीच या. कागदाचं काम आहे."

तात्या सबनीस हे चांदमारीचे कारभारी आणि परीक्षकही तेच. ते धोतर गुडघ्यापर्यंत वर धरून आणि कपाळाला आठ्या घालून नावेतून उतरले.

"अरे, उद्यावर स्पर्धा आली. आज काय काढलंस हे?"

"कागद चुकला, तात्या. बदलायचाय."

तात्यांनी दोन्ही पानं उलटीपालटी करून बघितली. चष्मा वर करून बघितलं, खाली करून बघितलं. "मला तर दोन्ही सारखेच दिसतात."

"म्हणूनच तर मला विचारता ना."

तात्या ओशाळले. मग त्यांनी बारीक डोळे करून विचारलं, "चुकला, की मुद्दाम निवडलास?"

"मुद्दाम निवडला," बाबालाल म्हणाला. त्यानं खालीच बघितलं. "घाटाखालचा दस्तगीर माझा भाऊ आहे. त्याच्या गोळ्या रेषेबाहेर पडतात, धाग्याएवढ्या. फाटक्या भोकाला तुम्ही वरचा गुण देता."

"म्हणजे तुझ्या भावाला हरवायला मला इथवर बोलावलंस?"

"हरवायला नाही, तात्या. मोजायला."

तात्यांनी दोन्ही पानं खाली ठेवली. वाईट माणूस नव्हता तो, पण रीत म्हणजे रीत. म्हणाले, "गठ्ठा बदलतो. पण पुढच्या वर्षीपासून कागद दुसरा कुणी निवडेल. एकदा ज्याचा हात ढळला, त्याच्याकडे शिक्का ठेवता येत नाही."

"बरोबर आहे," बाबालाल म्हणाला आणि त्यानं शिक्का त्यांच्या हातात दिला.

चिंध्यांच्या कागदाचा गठ्ठा नावेत चढला. हलिमा दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती आत गेली आणि चटई गुंडाळून कोपऱ्यात ठेवली.

स्पर्धेच्या दिवशी बाबालालनं हौदाला हात लावला नाही. तो काठावर बसून बार मोजत राहिला. यातला कुठला बार आपल्या भावाचा, हे कागदवाल्याला कळत नाही. त्याला फक्त आवाज येत होते. प्रत्येक आवाजाला तो मनात म्हणायचा, हा मध्ये बसू दे. हाही मध्ये बसू दे. ज्यानं आपल्या हातानं भावाची वाट बंद केली, त्यानं असं म्हणावं, यात अर्थ काय? पण माणूस असंच करतो.

प्रत्येकाला दहा पानं होती आणि दर पानावर एक गोळी. शेवटाला दोघेच उरले. एक घोडदळातला शिपाई आणि एक दस्तगीर. दस्तगीरची दहावी गोळी चांदाच्या डावीकडे, रेषेला खेटून बसली. त्याला वाटलं जिंकलो. लोकांनाही वाटलं. तात्यांनी पान उजेडात धरलं. भोक गोल, कड स्वच्छ. भोक आणि रेष यांच्यामध्ये पांढऱ्या कागदाचा एक धागा शिल्लक होता. सगळ्यांना दिसला.

शिपाई जिंकला.

दस्तगीर भांडला. म्हणाला, "घाटाखाली अशा गोळीला वरचाच गुण देतात!"

तात्यांना खोटं बोलता येत नव्हतं आणि गप्पही बसता येत नव्हतं. ते म्हणाले, "पहिला कागद राहिला असता तर इथंही मिळाला असता, बाळा. तो तुझ्या भावानं बदलून घेतला."

घाटाखालची जवळची वाट अलीकडच्या काठावरून, कागद्यांच्या आळीतूनच जायची; येताना दस्तगीर पलीकडून लांबचा फेरा घेऊन आला होता. निकाल लागला होता, आता रीत आडवी येत नव्हती. दस्तगीर नावेतून उतरला. खांद्यावर बंदूक, काखेत वळकटी. दाढी आली होती, खांदे रुंद झाले होते. चाल मात्र तीच होती. बाबालाल अंगणात उभा राहिला. दस्तगीर घरासमोर आला आणि मान न वळवता पुढे चालू लागला.

"दस्तू," हलिमानं हाक मारली. "दोन घास खाऊन तरी जा."

तो थांबला. पण वळला नाही. म्हणाला, "भाभी, ज्या घरात माझं कधी पास होत नाही, त्या घरात जेवू कसा?"

आणि तो वळणावरून दिसेनासा झाला. बाबालालच्या तोंडून हाक निघाली नाही. हलिमा त्याला म्हणाली, "एक शब्द तरी बोलायचात." ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही आणि तिचं काही चुकलं नाही.

दुसऱ्या दिवशी भिवानं स्पर्धेची पानं आणून टाकली. बाबालालनं भावाची वेगळी केली. दहा हवी होती, नऊच निघाली. शेवटचं पान नव्हतं. त्यानं सगळा भारा दोनदा उपसला. मग त्याच्या लक्षात आलं, की दस्तगीर जाताना ते पान घेऊन गेला. का नेलं असेल? रागानं फाडायला नेलं असेल. पण फाडायला कुणी इतक्या लांब नेत नाही. ती नऊ पानं बाबालालनं हौदात टाकली नाहीत. उशाखाली ठेवली.

वर्ष गेलं. दुसऱ्या वर्षीची स्पर्धाही झाली. कागद दुसऱ्या कुणी निवडला. बाबालाल सगळ्या दिवशी काठावर बसला, पण घाटाखालून कुणी आलं नाही. हलिमानं यंदा चटई काढली नव्हती. मग ती स्वतःच म्हणाली, "चूक झाली. काढायला हवी होती."

आणि मग हिवाळ्यात, स्पर्धा नाही, सण नाही, अशा एका साध्या सकाळी बाबालाल हौदावर बसलेला असताना समोर सावली पडली. त्याला वाटलं मारुती आला. तो म्हणाला, "दस्तू, धर."

"धरतो," समोरचा माणूस म्हणाला.

बाबालालनं वर बघितलं. दस्तगीर उभा होता. हातात घडी घातलेलं एक पान होतं. कड मळली होती, घड्या झिजल्या होत्या.

त्यानं ते पान उलगडून भावासमोर धरलं. "हे मी वर्षभर भिंतीला लावून ठेवलं होतं," तो म्हणाला. "आधी राग यायचा म्हणून बघायचो. मग नुसताच बघायला लागलो. आमच्याकडच्या कागदावर भोकं अशी फाटतात, की गोळी कुठून गेली तेच कळत नाही. सगळे म्हणायचे, बसली. मीही म्हणायचो, बसली. दहा वर्षांत मला 'तू चुकलास' असं या एका पानानंच सांगितलं."

बाबालालच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. दस्तगीर पुढे म्हणाला, "पण भाई, चुकलो एवढंच ते सांगतं. कशानं चुकतंय, ते कागद सांगत नाही. वर्षभर मी बंदूक बदलली, खांदा बदलला, उभं राहायची पद्धत बदलली. काही उपयोग झाला नाही. म्हणून आलो. त्या दिवशी तू माझी हजार पानं हौदात टाकलीस. तुला त्यात काहीतरी दिसलं होतं. काय दिसलं होतं?"

बाबालालनं साचा भावाच्या हातात दिला. दस्तगीर जुन्या जागेवर बसला, बाह्या वर केल्या, साचा पाण्यात बुडवला आणि उचलू लागला. अकरा वर्षांनीसुद्धा डावा हात आधी वर आला.

बाबालालनं आपली ओली बोटं त्या हातावर अलगद ठेवली. म्हणाला, "डावा हात जरा सावकाश."

दस्तगीर तसाच थांबला. साच्यातून पाणी गळत राहिलं. त्यानं एकदा आपल्या हाताकडे बघितलं, एकदा पानावरच्या त्या भोकाकडे बघितलं. सगळं त्याला एकदम समजलं.

"एवढंच होतं?"

"एवढंच."

"मग तेव्हा का नाही बोललास, भाई?"

बाबालालनं बोटं मागे घेतली. तो म्हणाला, "कागद वाईट होता. पण मी जास्त वाईट वागलो." हे बोलायला त्याला फार कष्ट पडले. भावाला ते दिसले.

दारातून त्याला येताना पाहूनच हलिमानं मलिदा करायला घेतला होता; आता ती त्याचा वास दरवळवत बाहेर आली आणि दोघांवरही ओरडली, की आधी जेवा, मग रडा. दस्तगीरनं साचा पुन्हा बुडवला. यावेळी डावा हात सावकाश, उजव्याच्या बरोबरीनं वर आला.

तो आठ दिवस राहिला. मग गेला, कारण घाटाखाली त्याची बायको होती, लेकरं होती, आणि पलीकडच्या कौलारू घरात आता तो शिपाई राहत होता. बाबालाल त्याला वळणापर्यंत सोडायला गेला आणि यावेळी हाक मारायला विसरला नाही. दसऱ्याला येतो म्हणाला दस्तगीर.

दोघांनी मिळून केलेलं ते पहिलं पान बाबालालनं वाळवलं आणि उजेडात धरलं. डावी कड उजवीइतकीच जाड होती. त्यानं ते कुणाला दिलं नाही. चार शब्दांचं काम होतं. ते वेळेवर झालं असतं तर दस्तगीरची चटई अकरा वर्षं कोपऱ्यात पडून राहिली नसती.

तात्पर्य: आपल्या माणसासाठी माप खोटं करू नये, आणि माप दाखवून गप्पही बसू नये, चूक कुठे होते ते त्याचा हात धरून, वेळेत आणि मायेनं सांगावं.